काकांचं यकृत आणि कोलीनचं सिरप

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काकांच्या सिरॉसिससाठी, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होत जाण्याच्या आजारासाठी, कोणीतरी ट्रायकोलीन सायट्रेटचं, म्हणजे कोलीन असलेलं, सिरप सुचवलंय. ते त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नकोस. का, ते सांगतो.

कोलीन हा अन्नातून मिळणारा पोषक घटक, तो शरीराला हवाच. यकृतातली चरबी रक्तात सोडायची तर ती कणांत बांधावी लागते आणि त्या कणांचं आवरण कोलीनपासूनच बनतं. कोलीन कमी पडलं की चरबी पेशींत साचते, पेशी मरतात, नव्या घाईघाईने तयार होतात आणि त्या धांदलीत जनुकं बिघडतात. १९४६ साली अमेरिकेतल्या अलाबामात कोपलँड आणि सॅमन या संशोधकांनी कोलीन फार कमी असलेल्या आहारावरच्या उंदरांना यकृताचा कर्करोग झालेला दाखवला. पुढे शंका निघाली की खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं, कर्करोग करणारं विष असेल. १९८०च्या दशकात ते विष नसलेलं खाद्य देऊन पुन्हा प्रयोग झाले, तरी गाठी झाल्याच.

पण दुसरी बाजूही आहे. वाढणाऱ्या गाठीला नव्या पेशींची आवरणं बांधायला हेच कोलीन लागतं. यकृताच्या काही गाठी ते इतकं ओढून घेतात की किरणोत्सारी कोलीन टोचून पेट स्कॅनमध्ये त्या शोधता येतात. म्हणून उंदरांवरून माणसाचा डोस ठरवू नये. जास्त कोलीन घेतल्याने माणसात हा कर्करोग टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. उलट, गाठ उपाशी मारायची म्हणून अन्नातून ते तोडणंही चुकीचंच. आधी काकाच खंगतील.

सिरपची बाटली नीट वाच. सॉर्बिटॉल असेल तर जुलाब होतात, पाणी कमी होतं आणि सिरॉसिसमध्ये त्यातून भ्रम होऊ शकतो. भूक वाढवणाऱ्या सिरपांत सायप्रोहेप्टाडीन असतं. त्याने गुंगी येते, मग भ्रमाची सुरुवात ओळखूच येत नाही.

कोलीन जेवणातूनच मिळू दे. पुरुषाला दिवसाला साधारण ५५० मिलिग्रॅम पुरेसं मानतात. एका मोठ्या अंड्यात १४७च्या आसपास असतं, जवळजवळ सगळं बलकात, तेव्हा बलक टाकू नका. अंडं चालत नसेल तर सोयाबीन. प्रथिनं वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम हवीत, आणि झोपण्यापूर्वी थोडं खाणं, कारण रात्रीच्या उपासात स्नायू झिजतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरच ठरवतील.

बुरशी लागलेले शेंगदाणे निवडत बसू नका, टाकून द्या. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जोडीला एएफपीची (यकृताच्या गाठीत बऱ्याचदा वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी, ही मात्र चुकवू नका. गाठ लहान असताना सापडली तरच ती काढायला किंवा जाळायला वाव राहतो.

मागची सोनोग्राफी कधी झाली, तेवढं कळव.

तुझा,
अनिरुद्ध