सदर विषय नेमका कोणत्या कार्यालयाशी संबंधित आहे? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या खात्याचे दोन ओळींचे पत्र मिळाले. ‘सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नसल्याने आपला अर्ज दफ्तरी दाखल करण्यात येत आहे.’ संयुक्त राष्ट्रांच्या परदेशी मोहिमेत काम केलेल्या नागरी कर्मचाऱ्यांची दखल घ्यावी, असा हा अर्ज मी आपल्याच सांगण्यावरून केला होता. 29 मे रोजी, आंतरराष्ट्रीय शांतिसैनिक दिनाच्या कार्यक्रमात, आपण मुंबईतल्या एका सभागृहात माझ्या खांद्यावर शाल घातलीत, हाती नारळ दिलात आणि ‘अर्ज करा, तीन महिन्यांत मार्गी लावतो,’ असे माईकवरून सांगितलेत. त्या तीन महिन्यांचे चौदा झाले.

मी व्यवसायाने सर्वेक्षक आहे. दक्षिण सुदानमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत नागरी स्वयंसेवक म्हणून अडीच वर्षे मी रस्त्यांची आखणी केली. 2011 साली तो देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथे डांबरी रस्ते जवळपास नव्हतेच. तिथल्या मलाकाल शहराकडची माती आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीच्या जातीची, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात बूट ओढून घेणारी. तिच्यावर मुरमाचा भराव टाकून, दोन्ही बाजूंना चर खणून रस्ता उचलून घेतला नाही, तर पावसाळ्याचे महिनेच्या महिने ट्रक जागचा हलत नाही आणि ट्रकबरोबर छावणीचे धान्यही अडते. (मुरमाला तिथेही सगळे ‘मरम’च म्हणतात, परक्या मुलखात तेवढाच दिलासा.) सुरुंग नसल्याचा कागद हाती आल्याशिवाय ट्रायपॉडचा पाय जमिनीला टेकवायचा नाही, हा नियम आम्ही काटेकोर पाळला. चिखलाविरुद्ध मात्र असा कागद मिळत नाही. खांद्यावर ट्रायपॉड असताना पाय घसरला आणि गुडघा फिरला, तो आजतागायत जागेवर आलेला नाही. भांडुपहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये उभे राहणे मला आता जमत नाही, आणि शस्त्रक्रियेसाठी पत्नीच्या बांगड्या मोडाव्या लागल्या, हे लिहिताना लाज वाटते. पण ती मला एकट्यालाच का वाटावी?

भारताने 50 हून अधिक मोहिमांत 2,90,000 हून अधिक शांतिसैनिक पाठवले, असे आपण त्या दिवशी अभिमानाने सांगितलेत, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. तो आकडा गणवेशातल्यांचा आहे आणि त्यात मी नाही, हे मला आपल्या दोन ओळींनी कळवले. खडकीत तयार झालेल्या सॅपरचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातल्या जवानाचा, पाय तिकडे मोडला, तर त्याची नोंद होते, त्याला लष्करी रुग्णालय मिळते, आणि ते मिळायलाच हवे. त्याच्यापोटी संयुक्त राष्ट्रे सरकारला दरमहा रक्कमही देतात. 2018 साली ठरलेला दर माणशी 1,428 डॉलर होता. माझ्यामुळे तिजोरीत काही जमा झाले नाही, म्हणूनच बहुधा मी दफ्तरी जमा झालो.

माझ्या मागण्या दोनच होत्या. परदेशी मोहिमेतला अनुभव सरकारी भरतीत ग्राह्य धरावा आणि आमच्यासारख्या नागरी कर्मचाऱ्यांची कुठेतरी नोंद ठेवावी. पहिलीसाठी मी तीन कार्यालयांचे जिने चढलो (लिफ्ट ‘फक्त अधिकाऱ्यांसाठी’). तिसऱ्या ठिकाणी लिपिकाने माझे प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले आणि ‘यावर तहसीलदाराचा शिक्का नाही,’ म्हणून परत केले. मलाकालमध्ये तहसीलदार कुठून आणू? दर पावसाळ्यात खड्डे बुजवण्यावर कोट्यवधी रुपये ओतणाऱ्या या शहरात, चिखलावर रस्ता टिकवणारा माणूस आज पुनर्विकासाच्या प्लॉटची टेप धरून रोजंदारी करतो, आणि याचे वैषम्य कोणालाही वाटत नाही, कारण इथे काम येण्यापेक्षा शिक्का असणे महत्त्वाचे आहे. जिवंतपणी शाल आणि मेल्यावर शोकसंदेश, याच्या मधल्या काळासाठी आपल्या व्यवस्थेत टेबलच ठेवलेले नाही.

पुन्हा शाल नको. हा विषय आपल्या कार्यालयाशी संबंधित नसेल, तर तो ज्या कार्यालयाशी संबंधित आहे त्याचा पत्ता आणि मजला तेवढा कळवावा. मजला आवर्जून कळवावा, कारण जिने चढायला मला वेळ लागतो.

आपला,
एक माजी सर्वेक्षक
भांडुप, मुंबई