तारांकित नैतिकता

महोदय,

डान्सबारवर छापा पडल्याची बातमी आली, की ‘हे एकदाचे कायमचे बंद करा’ अशी पत्रे आपल्याकडे येऊ लागतात. मलाही हे बार आवडत नाहीत. पण समाजाला आवडत नाही एवढ्यावर बंदी घालून महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे.

२००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधील नृत्य बंद केले गेले. कारण काय, तर स्त्रियांची प्रतिष्ठा आणि समाजाची नीतिमत्ता. त्याच दुरुस्तीत तीन व त्याहून अधिक तारे असलेली हॉटेले आणि जिमखाने मात्र वगळले होते. म्हणजे तेच नृत्य पनवेलच्या बारमध्ये झाले तर अधःपतन, जुहूच्या हॉटेलात झाले तर करमणूक! नीतिमत्ता गिऱ्हाईकाचा खिसा पाहून ठरत होती. आधी उच्च न्यायालयाने आणि मग १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी अवैध ठरवली, त्यात हा भेदभाव मोठे कारण होता. बंदीनंतर अनेक बारबालांना वेश्याव्यवसायाकडे वळावे लागले, हेही निकालात नमूद आहे. ज्यांची प्रतिष्ठा राखायची होती, त्यांचीच ही गत. सरकारने धडा काय घेतला? २०१४ मध्ये तारांकितांची सवलत काढली आणि बंदी सरसकट केली!

तीही टिकेना, तेव्हा २०१६ चा कायदा आला. परवाना मागणाऱ्याचे ‘चारित्र्य चांगले’ हवे आणि शाळा-देवळांपासून बार एक किलोमीटर दूर हवा. मुंबईत अशी जागा कोणी दाखवावी. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटी फेटाळल्या. नोटा उधळायला मनाई कायम राहिली, हातात टिप द्यायला मुभा मिळाली. (तमाशातल्या दौलतजादाच्या, म्हणजे नाचणारीला प्रेक्षकांनी पैसे देण्याच्या, गोष्टी कौतुकाने सांगणाऱ्या राज्यात यावर एवढा खल व्हावा, याची गंमत वाटते.)

अल्पवयीन मुलींना नाचवणे, मानवी तस्करी, अश्लील वर्तन यांना आधीपासूनच कायदे आहेत. शिवाय नर्तिकेशी लेखी करार करावा आणि मोबदला तिच्या बँक खात्यात जमा करावा, ही तरतूद न्यायालयाने राखली आहे. छाप्याच्या बातमीत किती ‘बारबाला ताब्यात’ हा आकडा हमखास असतो. त्यांच्यापैकी कितींशी करार झाला होता आणि कितींचे पैसे मालकाने थकवले होते, हेही आपल्या वार्ताहरांनी पोलिसांना विचारावे.

— एक वाचक, डोंबिवली