थोरल्या जाऊबाईंचा नंबर तुम्हाला दिला कोणी?

दिनांक: 12 जानेवारी 2026
निपाणी, जि. बेळगावी

प्रति,
मुख्य तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक कर्ज विभाग

विषय: माझ्या फोनमधले नंबर आणि फोटो परवानगीशिवाय उचलल्याबद्दल, आणि हप्ता भरलेला असताना माझ्या ओळखीच्या लोकांना निरोप पाठवून बदनामी केल्याबद्दल तक्रार.

महोदय,

मी निपाणीत घरीच ब्लाउज शिवते. तुमच्या कर्जावर पिको-फॉलचं मशीन घेतलं आहे. दर महिन्याच्या 5 तारखेला 1,850 रुपयांचा हप्ता माझ्या बँक खात्यातून परस्पर कापला जातो. 5 डिसेंबर 2025 चा हप्ताही त्याच दिवशी कापला गेला. पासबुकाची झेरॉक्स सोबत आहे. तरीही 6 डिसेंबरला रात्री पावणेनऊच्या सुमारास माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या फोनवर तुमचा निरोप आला. निरोप इंग्रजीत होता आणि त्याची सुरुवात होती: ‘डियर थोरली जाऊ’. पुढे मजकूर असा, की तुमच्या ओळखीच्या बाईंनी कर्जाचा हप्ता थकवला आहे, त्यांना ताबडतोब भरायला सांगा. त्यात माझं पूर्ण नाव आणि मोबाईल नंबरही होता.

मी ॲपमधून तक्रार केली. त्यावर तुमचं उत्तर आलं की ‘आम्ही फक्त ग्राहकाने स्वतः दिलेल्या संदर्भ व्यक्तींशीच संपर्क साधतो.’ हे उत्तर लिहिणाऱ्याने तो निरोप एकदा तरी वाचायला हवा होता. जगात कोणत्या फॉर्मवर कुणी संदर्भ म्हणून ‘थोरली जाऊ’ असं नाव लिहून देतं का? त्या बाईंना हे नाव फक्त माझ्या फोनमध्ये आहे. एरवी मी त्यांना अक्का म्हणते. त्याच रात्री ‘डियर दूधवाले काका’, ‘डियर भिशी मंगळवार’ आणि ‘डियर पैठणी ब्लाउज कागल’ यांनाही तोच निरोप गेला. शेवटच्या बाई माझ्या गिऱ्हाईक आहेत. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी पैठणीचा ब्लाउज माझ्याकडे टाकला होता, म्हणून तसं नाव ठेवलं होतं. माझी यादी तुमच्या मशीनने जशीच्या तशी वाचली आणि जशीच्या तशी पत्त्यावर घातली. याहून मोठा पुरावा मी तुम्हाला काय देऊ?

आता ही यादी तुमच्याकडे गेली कशी ते सांगते, कारण ‘संमती घेतली होती’ हे तुमचं पुढचं वाक्य असणार. दुकानात काउंटरशी तुमच्या फायनान्सचा मुलगा बसतो. मशीन पसंत पडल्यावर त्याने माझा फोन मागून घेतला, ॲप उतरवलं आणि स्वतःच्या अंगठ्याने पटापटा दाबत गेला. संपर्क, फोटो, कॅमेरा, लोकेशन, एकामागून एक चौकटी येत होत्या आणि तो प्रत्येकीवर ‘अलाऊ’ दाबत होता. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, ‘मॅडम, हे सगळ्यांचंच असतं, नाही म्हटलं तर पुढं जात नाही.’ मग ओटीपी आला, तोही त्यानेच वाचून टाकला. ही तुमची संमती. माझ्या फोनवर, त्याच्या अंगठ्याने.

आणि समजा मी स्वतः सगळं वाचून, समजून दाबलं असतं, तरी तुम्हाला ही यादी घेता आली नसती. माझा भाचा बेळगावात वकिलीचं शिकतो, त्याने नियम काढून दाखवले. रिझर्व्ह बँकेने 2 सप्टेंबर 2022 च्या डिजिटल कर्जाच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाच्या फोनमधल्या फाइली, फोटो, संपर्कांची यादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक आणि लोकेशन लागलंच तर ग्राहकाची ओळख पटवून खातं उघडण्यापुरतं, एकदाच, आणि तेही स्पष्ट संमती घेऊन. मे 2025 मध्ये याच गोष्टी पुन्हा नव्या निर्देशांत आल्या आहेत. म्हणजे हा ‘सगळ्यांचंच असतं’ म्हणण्याचा विषय नाही.

मला सर्वांत जास्त लागलं ते फोटोंचं. तुम्हाला ते कदाचित क्षुल्लक वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझी मापाची वही दोनदा पावसात भिजली, तेव्हापासून मी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवते. त्या पानावर बाईचं नाव असतं आणि तिची छाती, कंबर, खांदा, दंड, गळ्याची खोली अशी सगळी मापं. ट्रायलच्या वेळी मागचा गळा कसा बसला हे बघायला पाठीचेही फोटो काढते, बाईला विचारून. आमच्या धंद्यात एकीचं माप दुसरीला सांगायचं नसतं. सख्ख्या बहिणींना, जावाजावांनासुद्धा नाही. कोण सुटली, कोण वाळली, कुणाला दिवस गेलेत हे शिंप्याला सगळ्यात आधी कळतं आणि ते शिंप्याच्या घरातच राहतं. या बोलीवर बायका माझ्याकडे येतात. आता ते फोटो तुमच्या सर्व्हरवर आहेत की नाहीत, वसुली करणाऱ्या कुठल्या एजन्सीच्या पोरांनी ते पाहिलेत की नाही, हे त्या बायकांना मी काय सांगू? त्यांनी तुमच्याकडून एक रुपयाही घेतलेला नाही. त्यांच्यातल्या कुणी तुमच्या कंपनीचं नावही ऐकलेलं नव्हतं; 6 डिसेंबरला ते काहीजणींनी ऐकलं.

त्यानंतर काय झालं तेही ऐका. निपाणी गाव लहान. भिशीत विषय निघाला. तोंडावर कुणी काही बोललं नाही, उलट सगळ्या जास्तच गोड बोलल्या. पण लग्नसराईत माझ्याकडे न कापलेलं कापड पडून होतं, त्यातल्या काहीजणी ‘घाई नाही गं, राहू दे सध्या’ म्हणून कापड परत घेऊन गेल्या. त्यांची भीती मला कळते. जिचा हप्ता थकलाय तिच्या घरात आपली दहा-पंधरा हजारांची पैठणी ठेवायची कशी, असं कुणालाही वाटेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी ब्लाउजची रीघ लागते, ती यंदा लागली नाही. अक्कांनी घरात काही विचारलं नाही, पण सासूबाईंच्या कानावर गेलंच. माझ्या नवऱ्याला तर मशीनसाठी कर्ज काढलंय हे माहीत होतं, तरी त्यांना बाजारात चारचौघांत विचारणा झाली. कागदावर तारण म्हणून मशीन लिहिलंय; तुम्ही खरं तारण ठेवून घेतलंय ते माझी अब्रू, आणि ती काही माझ्या एकटीच्या मालकीची नव्हती.

हप्ता भरलेला होता हे सोमवारी तुमच्या ॲपमध्येही दिसलं. तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं की ‘सिस्टममध्ये उशिरा अपडेट झालं.’ बँकेतून पैसे वेळेवर गेले आणि तुमच्याकडे नोंद उशिरा झाली, तर त्याची शिक्षा मला का? पण मी इथेच थांबत नाही. समजा मी खरोखर हप्ता चुकवला असता, तरीही दूधवाल्या काकांचा त्याच्याशी काय संबंध? रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात वसुलीबद्दल लिहिलं आहे की कर्जदाराच्या घरच्यांच्या, संदर्भ दिलेल्यांच्या, मित्रमंडळींच्या खाजगी आयुष्यात घुसायचं नाही, कुणाची जाहीर बेअब्रू करायची नाही, आणि सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. तुमच्या माणसाचा मला फोन आला तोही त्याच रात्री, निरोपांच्या पाठोपाठ.

त्या फोनवरचं एक वाक्य मी विसरलेले नाही. त्या दिवशी दुपारी मी अस्तर आणि लेस आणायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेले होते. तुमचा माणूस म्हणाला, ‘तुम्ही महाराष्ट्रात निघून गेलाय असं दिसतंय, पत्ता बदललाय का?’ म्हणजे माझं लोकेशनही चालूच होतं. साहेब, आमच्याकडे कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडणं म्हणजे पळून जाणं नव्हे. माझं माहेर गडहिंग्लजला आहे, बहीण कागलला, डॉक्टर कोल्हापूरला, कापडाचा बाजार गांधीनगरला. निपाणीतल्या निम्म्या घरांचं असंच आहे. इथलं माणूस दर आठवड्याला राज्य ओलांडतं आणि संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या थापतं. तुमच्या कॉम्प्युटरला त्यात संशय दिसत असेल, तर दोष त्याला तसं शिकवणाऱ्याचा आहे.

भाषेचंही सांगते. करार इंग्रजीत आहे. ग्राहक सेवेच्या नंबरावर माझ्या 591237 या पिनकोडला कन्नड, हिंदी आणि इंग्रजी एवढेच पर्याय मिळतात. कागलच्या बहिणीला त्याच नंबरावर मराठी मिळते. कन्नडशी माझं भांडण नाही. माझी बरीच गिऱ्हाइकं कन्नड बोलतात, त्यांची मापं मी कन्नडमध्येच विचारते आणि माझ्या मुलीचं कन्नड तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण बोलणं वेगळं आणि बारीक अक्षरातला करार वाचणं वेगळं. कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक ग्राहकाला समजेल अशा भाषेत द्यायचं, ते समजावून सांगायचं आणि तसं कळल्याची पोच घ्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा 15 एप्रिल 2024 चा नियम आहे. मला असं काही मिळालं नाही. वसुलीचा फोन मात्र अस्खलित मराठीत आला. म्हणजे मराठी येणारी माणसं तुमच्याकडे आहेत. फक्त ती कुठे बसवायची हे तुम्ही ठरवलेलं आहे.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा सगळा भाग अजून लागू झालेला नाही, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे, हे भाच्याने सांगितलं. तेव्हा तुम्ही तेही सांगायची तसदी घेऊ नका. पण त्या कायद्याच्या सहाव्या कलमात एक उदाहरण दिलं आहे ते वाचून घ्या. एक बाई डॉक्टरी सल्ल्याचं ॲप घेते, ॲप तिच्या संपर्कांची यादी मागतं, ती हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला यादीची गरज नाही, म्हणून तिचा तो होकार धरायचाच नाही. पिको-फॉलच्या मशीनला तरी माझ्या जाऊबाईंच्या नंबराची काय गरज? संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यायचा, हेही त्याच कलमात आहे, आणि त्या परिशिष्टात मराठी आहे. राहता राहिला हक्काचा प्रश्न. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमताने सांगितलं. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी आमच्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश.

मी ॲपच्या परवानग्या आता बंद केल्या आहेत. पण जे आधीच उचलून नेलं ते त्याने परत येत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून मला पुढील गोष्टी लेखी हव्यात. माझ्या फोनमधून घेतलेली संपर्कांची यादी, फोटो आणि लोकेशनच्या नोंदी तुमच्याकडून आणि ज्या ज्या एजन्सीला दिल्या त्यांच्याकडूनही कायमच्या काढून टाकल्याची खात्री, त्या एजन्सीच्या नावासह. फोटो घेतलेच नसतील तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे मला ते गिऱ्हाइकांना दाखवता येईल. 6 डिसेंबरला कोणाकोणाला निरोप गेले त्याची पूर्ण यादी मला द्या. मला कळलेले चौघे आहेत, बाकीच्यांनी लाजेने सांगितलं नसेल. त्या प्रत्येकाला, ज्या नंबरावर बदनामी गेली त्याच नंबरावर, मराठीत कळवा की हप्ता वेळेवर भरलेला होता आणि चूक कंपनीची होती. हे काम तुमच्या मशीनला अवघड नाही, नावं त्याला पाठ आहेत. फक्त या वेळी ‘डियर थोरली जाऊ’ असं लिहू नका.

डिसेंबरचा हप्ता उशिराचा म्हणून क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, नोंदवला असेल तर ती नोंद दुरुस्त करा. अशी तक्रार 30 दिवसांत मिटली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. लग्नसराईतल्या गेलेल्या कामाची भरपाई मी वेगळी मागणार आहे. त्याचा हिशोब मांडून पाठवते. आणि मुख्य अटींचं पत्रक मराठीत पाठवा.

ॲपमधल्या तक्रारीला तुम्ही दिलेलं उत्तर मला मान्य नाही. या पत्राला पंधरा दिवसांत नीट उत्तर आलं नाही, तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करणार आहे. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. हप्ते मी आजवर भरले तसेच पुढेही भरणार, त्याची काळजी नको. उत्तर पत्राने पाठवा, फोन करू नका. दिवसा मशीन चालू असतं तेव्हा रिंग ऐकू येत नाही, आणि सातनंतर तुम्हाला फोन करायची परवानगी नाही.

कळावे,
आपली कर्जदार ग्राहक
(नाव, पत्ता व कर्ज खाते क्रमांक सोबतच्या कागदावर)

सोबत:
पासबुकाच्या पानाची झेरॉक्स (5 डिसेंबर 2025 ची नोंद)
आलेल्या चार निरोपांचे स्क्रीनशॉट, मिळालेल्यांना विचारून, त्यांचे नंबर झाकून
6 डिसेंबरच्या रात्रीच्या कॉलची नोंद
ॲपमधल्या तक्रारीवर तुमचं उत्तर