शहाळं सगळ्यांना चालत नाही हो!

संपादक महाशय,

आमच्या ह्यांचं डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली, आठवड्यातून ३ वेळा, ४-४ तास, त्यात गुहागरहून चिपळूणला एसटीनं जायचं-यायचं म्हणजे अख्खा दिवस गेलाच. भेटायला येणारा मात्र प्रेमानं शहाळं घेऊन येतो, आता त्याला काय सांगायचं, त्यात पोटॅशियम भरपूर, ह्यांची किडनी ते बाहेर टाकत नाही आणि वाढलं की थेट हृदयाचे ठोके बिघडतात. सुकट, खारा बांगडा तर बंदच. सकाळी एक तांब्या भरून ठेवते, दिवसभर तेवढंच पाणी, चहाचंसुद्धा त्यातूनच (वैशाखात ह्यांचं तोंड बघवत नाही). आणि तुम्ही परवा पुरवणीत 'उन्हाळ्यात रोज शहाळं प्या' छापलंत, खाली एक ओळ किडनीवाल्यांसाठी टाकायला काय झालं होतं?

एक वाचक, गुहागर