रॉय कोहनचा फोन

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

टोनी कुशनरच्या ‘एंजल्स इन अमेरिका’ या एड्सच्या साथीवरच्या नाटकातला वकील रॉय कोहन आणि त्याचा डॉक्टर हेन्री यांचा प्रवेश बसवतोयस, तर रंगभूषेवाल्याला आधीच सांगून ठेव: चेहरा पांढराफटक नको, डोळ्यांखाली काळं नको. आणि रॉयला खोकू देऊ नकोस. आपल्याकडे रंगमंचावर आजारी माणूस आला की शाल, खोकला आणि मागून बासरी, हे ठरलेलंच. इथे त्याने प्रवेश मरेल.

कारण हा प्रवेश आजाराचा नाहीच, वट कोणाची याचा आहे. डॉक्टर सांगतो, एड्स आहे. रॉय म्हणतो, तो समलिंगी लोकांना होतो, मला लिव्हरचा कॅन्सर झालाय. पुरुषांशी संबंध असल्याचं तो नाकारत नाही, हे नटाला नीट समजू दे. त्याचा हिशेब वेगळा आहे: समलिंगी म्हणजे ज्यांना कोणी ओळखत नाही, ज्यांचा एक साधा कायदा पंधरा वर्षांत नगरपालिकेत पास होत नाही, ते. मी 15 आकडे फिरवले की पाच मिनिटांत राष्ट्राध्यक्षांची बायको फोनवर येते, मग मी त्यांच्यातला कसा? हे ओरडून म्हटलं की गेलं. वकील अशिलाला कलम समजावतो तसं, थंडपणे यायला हवं. आवाज चढवायचा तर एकदाच, डॉक्टरला ‘बोल ना, मी कोण ते’ असं डिवचून धंद्यातून उठवायची धमकी देताना.

खरा कोहन असाच होता. कम्युनिस्टांच्या मागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थीचा उजवा हात, हेरगिरीच्या रोझेनबर्ग खटल्यातला सरकारी वकील. जून 1986 मध्ये सनद गेली, 2 ऑगस्टला एड्सने गेला, पण तोंडात शेवटपर्यंत लिव्हरचा कॅन्सरच.

नेपथ्यात काटकसर कर, फक्त फोनवर करू नकोस. पहिल्या अंकात रॉयच्या टेबलावर लुकलुकत्या बटणांचा फोन आहे. तो माणसांना ‘होल्ड’वर ठेवतो, हीच त्याची सत्ता. दुसऱ्या भागात इस्पितळात साधा एका लाइनीचा फोन मिळतो, तेव्हा तो होल्डच्या बटणासाठी चवताळतो. त्याच फोनवरून दमदाटी करून एझेडटी या एड्सवरच्या नव्या औषधाचा साठा मिळवतो. त्या काळात ते औषध म्हणजे दोन वर्षांची प्रतीक्षायादी. बाकीचे रांगेत, याच्या खोलीत बाटल्याच बाटल्या. बेलीझ हा काळा, समलिंगी नर्स त्यातल्या काही मागून घेतो. बेलीझला विनोदी पात्र करण्याचा मोह अनेकांना होतो. करू नकोस, रॉयचा खरा प्रतिस्पर्धी तोच आहे, कारण दुखणं आणि औषध दोन्ही त्याला कळतं.

जोडीला लॅरी क्रेमरचं एड्सवरचंच नाटक ‘द नॉर्मल हार्ट’ (1985) वाच. त्यातला राग उघडावाघडा आहे. टायलेनॉल या वेदनाशामक गोळ्यांच्या विषबाधेत 7 माणसं मेली तर वर्तमानपत्रात तीन महिन्यांत 54 बातम्या, आणि एड्सने मरणाऱ्या आमच्यासाठी सतरा महिन्यांत 7, हा हिशेब तिथे संवादात येतो. न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रयोगात रुग्णांचे आकडे भिंतींवरच लिहिले होते. नायकाचा जोडीदार फेलिक्स याच्या तळपायावरचा, एड्समध्ये उठणारा जांभळा डाग तिथे पुरतो. तुझ्याकडेही डाग दाखवायचाच तर एखादाच, सपाट, जांभळट-तपकिरी. कांजिण्यांसारखे भरभरून नकोत.

आपल्याकडचं तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आठवेलच. तिथे रोग नाही, तरी बाईवर प्रेम करणारी नायिका मित्रा संपते; तिला कोणाला फोन लावायची सोयच नाही. दोन्ही एका संध्याकाळी ठेवलीस तर आधी मित्रा घे, रॉय नंतर. उलटं केलंस तर प्रेक्षक रॉयच्या टाळ्या घेऊन मित्राकडे दयेने बघतील.

आणि हेन्रीसाठी बाईच शोध. नाटकातल्या हॅना या बाईची भूमिका करणारी नटीच हेन्री करते, अशी कुशनरची 8 नटांची योजना आहे. पुरुष घेतलास की दोन जुन्या ओळखीच्यांच्या गप्पा होतात आणि धमकीतली धार जाते.

तुझा,
अविनाश