काका, इथल्या एअरफोर्सच्या टीमबद्दल

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की तिकडं थायलंडात पोरं फुटबॉल खेळतात का नुसतंच बॉक्सिंग. खेळतात काका, लई खेळतात! फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून सविस्तर लिहितोय, तालमीतल्या मंडळींना पण वाचून दाखवा.

मी राहतो ते रंगसित, म्हणजे बँकॉकच्या उत्तरेला, डॉन मुआंगचा जुना विमानतळ इथनं जवळच आहे आणि हा सगळा पट्टा एअरफोर्सचा. त्यांचं हेडक्वार्टर इथं, हॉस्पिटल इथं, म्युझियम इथं, एवढंच काय विमानतळाच्या दोन रनवेंच्या मधोमध त्यांचं गोल्फचं मैदान आहे, एकीकडं विमान उतरतंय, दुसरीकडं चढतंय आणि मधे माणसं निवांत खेळतायत. आणि जरा पुढं लाम लुक्का भागात त्यांचं थूपातेमी स्टेडियम, सुमारे 25,000 माणसं बसतील एवढं मोठं. मी त्या बाजूनं जातो तेव्हा दरवेळी मनात येतं की एवढं सगळं आहे, फक्त टीम नाही.

टीम मात्र साधी नव्हती हो. एअरफोर्सचा क्लब 1937 चा. इथं फुटबॉल वाढवला तो राजघराण्यानं, सहावा राम म्हणजे राजा वजिरावुध इंग्लंडला शिकून आला, सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेतलं आणि येताना फुटबॉलचं वेड घेऊन आला, 1916 ला त्यानंच असोसिएशन काढली. त्यामुळं सुरवातीपासनंच हा खेळ राजवाडा, लष्कर, पोलीस, सरकारी खाती यांच्याच हातात राहिला. पन्नास-साठच्या दशकात राजाच्या नावाचा कप म्हणलं की एअरफोर्सच, वर्षामागून वर्ष त्यांच्याच कपाटात.

आणि त्यामागं पक्की व्यवस्था होती. चांगला खेळणारा पोरगा दिसला की त्याला दलात घ्यायचं, रँक द्यायची, पगार सुरू. म्हणजे पाय मोडला, वय झालं तरी नोकरी शाबूत, म्हातारपणी पेन्शन. त्या काळात फुटबॉलवर पोट भरत नव्हतं, तेव्हा गरीब घरच्या पोराला यापेक्षा चांगलं काय मिळणार सांगा. बँकांच्या टीमा तशाच, बंदराची टीम तशीच. 2004-05 ची लीग तर तंबाखूच्या सरकारी कारखान्याच्या टीमनं जिंकलेली!

याच व्यवस्थेतनं पियापोंग पुए-ऑन तयार झाला. हे नाव लक्षात ठेवा काका. थायलंडचा आजवरचा सगळ्यात मोठा स्ट्रायकर कोण असं जुन्या माणसांना विचारलं की दुसरं नाव येत नाही. एअरफोर्सचा माणूस, तिथनं कोरियात गेला, लकी-गोल्डस्टार नावाच्या टीमकडनं खेळायला (आपल्या घरी ती एलजीची फ्रिज आहे ना, त्याच कंपनीची टीम) आणि 1985 ला टीमला लीग जिंकून दिली, वर सगळ्यात जास्त गोल पण याचे आणि सगळ्यात जास्त गोलचे पास पण याचेच. कोरियात जाऊन! नंतर मलेशियात पहांगकडनं खेळला आणि परत आपल्या एअरफोर्समधेच आला. आमच्या कंपनीतला एक वयस्कर सुपरवायझर त्याचं नाव काढलं की हातातलं काम बाजूला ठेवतो, टेबलावरचा चहाचा कप सरकवून गोलपोस्ट करतो आणि बाटलीच्या बुचानं दाखवतो की पियापोंग गोलकडं पाठ असताना कसा वळायचा. मला भाषा अर्धीच कळते, पण बुच कुठं गेलं ते बरोबर कळतं.

देशाची लीग 1996 ला सुरू झाली. पहिली बँकॉक बँकेनं मारली, पण 1997 ला एअरफोर्स चॅम्पियन आणि 1999 ला परत एअरफोर्स. इथपर्यंत सगळं झ्याक होतं.

मग वारं फिरलं. 2007 ला चोनबुरी चॅम्पियन झाली, ती गावाची टीम, खात्याची नव्हे. त्यानंतर आशियाई फुटबॉलवाल्यांनी सांगितलं की प्रत्येक क्लबची स्वतंत्र कंपनी पाहिजे, 2009 पासनं लीग त्या पद्धतीनं चालायला लागली आणि टीव्हीचा, स्पॉन्सरचा पैसा आला. वीज मंडळाची टीम 2008 ची चॅम्पियन होती, ती एका पुढाऱ्यानं उचलून थेट बुरीरामला नेली, आणि आज बुरीराम म्हणजे देशातला सगळ्यात तगडा क्लब, अख्खं गाव निळ्या जर्सीत. एअरफोर्सनं पण प्रयत्न केले, नाव बदललं, स्पॉन्सर आणला, एअरफोर्स सेंट्रल म्हणून वरच्या लीगमधे परत आली. पण 2018 ला लीग छोटी करायची म्हणून एकदम पाच टीमा खाली ढकलल्या, त्यात एअरफोर्स पण गेली आणि नेव्ही पण. आर्मीची टीम तर 2016 लाच खाली गेलेली. आणि 2019 चा सीझन संपल्यावर आर्मी आणि एअरफोर्स दोन्ही टीमा बंद. ऐंशी वर्षांचा क्लब आणि सीझन संपला तसा क्लब पण संपला.

मला विचाराल तर हरल्यामुळं नाही बंद पडली. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील तालमीची फुटबॉल टीम हरली म्हणून कोण तालीम बंद करतं का? पेठेतली पोरंच दारात येऊन बसतील. एअरफोर्सला ही पेठच नव्हती. खेळाडू दलाचे, मैदान दलाचं, बघायला येणारे पण बरेचसे दलातलेच, मग वरनं निर्णय झाला की भांडायला कोण उभं राहणार? चोनबुरीच्या किंवा बुरीरामच्या टीमबद्दल असं नुसतं बोलून बघा म्हणावं. तरी मला त्या जुन्या व्यवस्थेबद्दल वाईट बोलवत नाही, कारण तिनं शेकडो पोरांची घरं उभी केली आणि आताच्या क्लबात करार संपला की पोरगा रस्त्यावर.

तुम्ही मुंबईत होता तेव्हा कूपरेजच्या मैदानावर महिंद्रा कंपनीच्या टीमच्या मॅचेस बघायचात ना? 2005-06 ला नॅशनल लीग जिंकणारी टीम आणि 2010 ला कंपनीनं बंद केली. तेव्हा तिथं लोकांनी काही आवाज केला होता का, ते खेळाडू पुढं कुठं गेले, हे मला तुमच्याकडनं नीट ऐकायचंय, पुढच्या फोनला जरा जास्त वेळ काढून ठेवा. काकूंना नमस्कार, गुडघ्याचं औषध बंद करू नका म्हणावं.

तुमचा,
बंड्या