दादा, तुम्ही तोंडावर विचारलंत त्याबद्दल

प्रिय दादा,

प्रभूमध्ये सलाम.

फोनवर तुम्ही मला आभाराची दोन वाक्यंसुद्धा पूर्ण करू दिली नाहीत, "अरे सोड रे" म्हणून विषयच बदललात, म्हणून आता लिहितोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्याबद्दलची कुजबुजही सगळीकडेच पसरली होती ना.

दानाच्या पैशात घोळ आहे, पास्टरनेच, म्हणजे मीच खाल्ले, हे कुणी सुरू केलं, तपासणीत काय निघालं, ते उगाळत बसत नाही. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलंय. मला बोलायचंय ते मधल्या आठवड्यांबद्दल. ज्यांच्यासोबत इतकी वर्षं सेवा केली, उपास-प्रार्थना केल्या, ज्यांच्या घरी कुणी वारलं तेव्हा रात्रभर शेजारी बसून राहिलो, त्यातल्या एकानेही मला विचारलं नाही की बाबा रे, खरं काय आहे. एकानेही नाही! मेसेज मात्र आले, "ब्रदर, आम्ही प्रेअर करतोय", खाली जोडलेले हात, आणि रविवारी भक्ती संपली की हेच लोक माझी नजर चुकवून बाजूच्या दाराने बाहेर. प्रार्थनेचं मोल मला कुणी सांगायला नको, पण "प्रार्थना करतो" हे न येण्याचं कारणही होऊ शकतं, हे मी तेव्हा बघितलं आणि ते अजून टोचतं.

मग तुम्ही आलात. आत पाऊलही टाकलं नव्हतं, दारातच उभे राहिलात, माझ्याकडे सरळ बघितलंत आणि म्हणालात, "एक विचारतो, खरं सांग. त्या पैशाला हात लावलास का?"

मी म्हटलं, "नाही, दादा."

"बरं," म्हणालात, आणि आत येऊन बसलात.

बस, एवढंच. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल, पण मी तो "बरं" कितीदा मनात ऐकलाय ते माझं मला माहीत. पुन्हा विचारलं नाहीत, उलटतपासणी नाही, उपदेश नाही, बायबलमधलं वचन काढून वाचलं नाहीत. मला किती बरं वाटलं सांगू, कारण पाठीमागे शंभर जण बोलत होते आणि समोर येऊन विचारणारे तुम्ही एकटे होतात. नंतर एकदा मी तुम्हाला म्हटलं, मी "हो" म्हणालो असतो तर? तुम्ही म्हणालात, "तरी आत आलोच असतो, बोलणं वेगळं झालं असतं." सोबती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, सेवेत इतकी वर्षं काढल्यावर.

तेव्हापासून बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं मी वेगळ्याच नजरेने वाचतोय. आपण त्याला एकटा वीर करून टाकलंय, पण तो माणूस एकट्याने सेवा करणारा नव्हताच. रोमकरांस पत्राचा 16 वा अध्याय नुसत्या नावांची यादी वाटून आपण उडवतो, पण त्यात मंडळीची सेविका फिबी आहे, त्याच्यासाठी जीव धोक्यात घालणारे प्रिस्का आणि अक्विला आहेत. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेलं दान न्यायचं होतं तेव्हा त्याने मंडळ्यांनी, म्हणजे तेव्हाच्या चर्चनी, निवडलेला भाऊ सोबत घेतला, आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 8 व्या अध्यायात कारणही सांगितलं की या पैशावरून आमच्यावर कुणी दोष ठेवू नये. म्हणजे प्रेषितालासुद्धा पैशाच्या बाबतीत शेजारी दुसरा माणूस लागला! आणि अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र चुकला तेव्हा पौल त्याला तोंडावर बोलला, मागे नाही, तरी पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौल "प्रिय बंधू"च आहे. तोंडावर बोलल्याने नातं तुटतं हे आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा 4 था अध्याय मात्र वाचताना अजून गळा दाटतो. खटल्याच्या पहिल्या सुनावणीला माझ्या बाजूने कुणीच उभं राहिलं नाही असं तो लिहितो, आणि लगेच म्हणतो, हे त्यांच्याकडे मोजलं जाऊ नये. मला हे दुसरं वाक्य अजून जमत नाहीये दादा, खोटं कशाला बोलू. त्याच अध्यायात, फक्त लूक माझ्याजवळ आहे असं तो म्हणतो. त्या "फक्त"पाशी मी दर वेळी थांबतो.

त्यानंतरच्या रविवारपासून तुम्ही न सांगता दान मोजायला शेजारी बसायला लागलात, वहीत प्रत्येक पानावर माझ्या सहीखाली तुमची सही. स्वतःचं नाव माझ्या नावाखाली, तेही माझं नाव मातीत गेलेलं असताना! तुम्हाला लोक काय म्हणाले ते मला दुसऱ्यांकडून कळलं, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. भली माणसं अशीच असतात बहुतेक, गाजावाजा नाही, खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि पेन मागतात.

तुम्ही दुसरीकडे सेवेला गेल्यापासून वहीत तुमच्या जागी एक तरुण मुलगा सही करतो. पहिल्याच दिवशी घाबरत घाबरत त्याने मला एक आकडा परत मोजायला लावला आणि चूक माझीच निघाली. तुमची फार आठवण आली.

थँक्यू, दादा. फोन उचला आता, आणि या वेळी मला पूर्ण बोलू द्या.

तुमचाच,
धाकटा भाऊ